तीन उघडे दरवाजे : ‘सामुराई चाम्प्लू’ची कीर्ती आणि एदोकालीन इतिहास

‘सामुराई चाम्प्लू’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या आरंभीच पडद्यावर एक सूचना येते. ही कथा ऐतिहासिकदृष्ट्या अचूक नाही, निर्मात्यांना त्याची फिकीरही नाही, तेव्हा प्रेक्षकांनी गप्प बसून आनंद घ्यावा, असा तिचा उद्धट आशय आहे. ही सूचना बहुतेक प्रशंसकांनी शब्दशः स्वीकारली. मालिकेची जी कीर्ती गेल्या दोन दशकांत जपानबाहेर, विशेषतः अमेरिकेत, पसरली तिचा पाया हा स्वीकारच आहे. इतिहासाची बंधने झुगारून तलवारबाज आणि हिपहॉप संगीत एकत्र आणणारी स्वैर, खेळकर, म्हणून आधुनिक कलाकृती, असे तिचे वर्णन पुनःपुन्हा केले जाते. परंतु एखादी कृती स्वतःविषयी जे सांगते ते तिच्याविषयीचे प्रमाण मानावे काय, हा समीक्षेचा जुना प्रश्न आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या संदर्भात मराठीत त्याची भरपूर चर्चा झाली आहे. लेखक प्रस्तावनेत इतिहासाशी बांधिलकी जाहीर करतो आणि कादंबरीत ती पाळत नाही, हा अनुभव मराठी वाचकाला परिचित आहे. येथे नेमके उलटे घडलेले दिसते. बांधिलकी नाकारल्याची घोषणा करून मालिका काही ठिकाणी इतिहासाशी अनपेक्षितपणे एकनिष्ठ राहते. तिच्या कीर्तीचा विचार करायचा तर या ठिकाणांपासून करावा लागतो.

बाह्य तपशील थोडक्यात असे. शिंइचिरो वातानाबे यांचे दिग्दर्शन, मंग्लोब या संस्थेची निर्मिती, एकूण २६ भाग. फुजी दूरचित्रवाहिनीवर मे २००४ मध्ये प्रक्षेपण सुरू झाले, १७ भागांनंतर ते थांबले, आणि उरलेले भाग २००५ च्या आरंभी उपग्रहवाहिनीवर दाखविले गेले. वातानाबे यांची १९९८ ची ‘काउबॉय बीबॉप’ आधीच गाजलेली होती. कथेचा सांगाडा साधा आहे. चहाच्या दुकानात काम करणारी पंधरा वर्षांची फू, र्‍युक्यू बेटांवरून आलेला मुगेन हा गुन्हेगार आणि आपल्या गुरूच्या वधाचा कलंक माथी असलेला जिन हा स्वामिहीन सामुराई, असे तिघे ‘सूर्यफुलाचा गंध येणाऱ्या सामुराई’च्या शोधात पश्चिमेकडे निघतात. शेवटी नागासाकीजवळच्या इकित्सुकी बेटावर तो सापडतो. तो फूचा पिता असतो, आणि शिमाबाराच्या उठावातून वाचलेला ख्रिस्ती असतो.

मालिकेच्या स्तुतीत सर्वाधिक वाटा संगीताचा आहे, आणि तो अनाठायी नाही. नुजाबेस, फॅट जॉन, त्सुचिए आणि फोर्स ऑफ नेचर यांनी रचलेले संगीत केवळ पार्श्वभूमीला वाजत नाही, दृश्यांच्या जोडणीचा तालही तेच ठरविते. नुजाबेस यांचे २०१० मध्ये अकाली निधन झाल्यावर या संगीताभोवती एक स्वतंत्र भक्तसंप्रदायच तयार झाला, आणि मालिकेच्या कीर्तीतील बराचसा भाग वास्तविक या संगीताची उसनवारी आहे. तथापि हिपहॉपमधून मालिकेने खरोखर काय घेतले हे पाहताना चाल आणि पेहराव यांच्यापलीकडे जायला हवे. हिपहॉपचे मूळ तंत्र सॅम्पलिंगचे. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील एक तुकडा उचलायचा, तो आवर्ती करायचा आणि त्यावर नवे बोल बसवायचे. या तंत्राची सारी गंमत अशी की उचललेला तुकडा नव्या रचनेत विरघळत नाही. जाणत्याला तो ओळखू येतो आणि त्याच्यामागची जुनी रचना अस्पष्टपणे ऐकू येत राहते. मालिकेच्या कालविपर्यासांना हाच निकष लावला तर तिचे दोन भाग पडतात. काही ठिकाणी भूतकाळाचा तुकडा आपले वजन घेऊन येतो, काही ठिकाणी तो केवळ नक्षी म्हणून चिकटविलेला असतो. प्रशंसकांनी आणि निंदकांनीही हा फरक फारसा केलेला नाही.

मालिका ज्या क्षणी आली तो लक्षात घेणे आवश्यक आहे. तोकुगावा इएयासू शोगुन झाल्याला २००३ मध्ये ४०० वर्षे पूर्ण झाली, आणि तोक्योमध्ये त्याचे समारंभपूर्वक स्मरण झाले. त्याआधीच १९८० च्या दशकापासून एदो काळाविषयी एक हळवे आकर्षण वाढत गेले होते. १९९३ मध्ये एदो-तोक्यो संग्रहालय उघडले. युद्धाविना सरलेली अडीच शतके, काटकसरी आणि स्वच्छ नगरजीवन, स्वयंपूर्ण संस्कृती असे या काळाचे चित्र लोकप्रिय झाले. चित्रपटांतही सामुराई परतला. योजी यामादा यांचा ‘ट्वायलाइट सामुराई’ २००२ चा, ताकेशी कितानो यांचा ‘झातोइची’ आणि हॉलिवुडचा ‘द लास्ट सामुराई’ हे दोन्ही २००३ चे. अशा स्मरणोत्सवाच्या लगेच पुढच्या वर्षी आलेली मालिका एदोची शांतता कोणाच्या खर्चाने टिकली असा प्रश्न विचारीत असेल, तर तिची थट्टा निरागस उरत नाही.

येथे जपानी इतिहासलेखनातील एका मांडणीचा आधार घेता येतो. तोकुगावा जपान ‘बंद देश’ होता ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. ‘साकोकू’ हा शब्द मात्र खुद्द त्या धोरणाच्या काळातला नाही. एंगेलबर्ट केम्प्फर या जर्मन वैद्याच्या लेखनाचे भाषांतर करताना शिझुकी तादाओ याने तो १८०१ मध्ये घडविला. १९८० च्या दशकात यासुनोरी आरानो, रोनाल्ड टोबी इत्यादी अभ्यासकांनी या समजुतीची फेरतपासणी केली. त्यांतून ‘चार दरवाजां’ची कल्पना पुढे आली. नागासाकीतून डच व चिनी, सात्सुमामार्गे र्‍युक्यू, मात्सुमाएमार्गे आइनू, आणि त्सुशिमामार्गे कोरिया असे चार नियंत्रित मार्ग शोगुनशाहीने खुले ठेवले होते. देश बंद नव्हता. दरवाजे मोजके होते आणि प्रत्येकावर विशिष्ट संस्थानाचा किंवा शोगुनशाहीचा पहारा होता.

हा नकाशा समोर ठेवून मालिका पाहिली तर एक आश्चर्यकारक गोष्ट ध्यानात येते. सर्वार्थाने स्वैर म्हणविणाऱ्या या कथेचे गंभीर भाग चारपैकी तीन दरवाजांभोवती रचलेले आहेत.

पहिला सात्सुमाचा. मालिकेच्या नावातील ‘चाम्प्लू’ हा शब्दच मुळी ओकिनावाचा. भाज्या, तोफू, अंडी असे जे हाती येईल ते एकत्र परतून केलेला तेथला घरगुती पदार्थ म्हणजे ‘चाम्पुरू’. मिसळणे या अर्थाच्या मलय-इंडोनेशियन ‘चाम्पुर’ शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. म्हणजे मिश्रण हे या मालिकेने हिपहॉपकडून आयात केलेले नवे तत्त्व नव्हे. जपानच्या दक्षिण टोकावरील समुद्री व्यापाराच्या जगात ते शतकानुशतके नांदत होते, आणि कथेत तो वारसा मुगेनच्या अंगावर येतो. सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने १६०९ मध्ये र्‍युक्यूवर स्वारी केली. राजाला शुरीच्या गादीवर राहू दिले, चीनशी असलेले मांडलिकत्वाचे संबंधही चालू ठेवू दिले, कारण त्या संबंधांतून व्यापाराचा लाभ होता. आमामी बेटे मात्र राज्यापासून तोडून सात्सुमाने थेट आपल्या अमलाखाली घेतली, आणि पुढे तेथील शेतकऱ्यांना उसाच्या सक्तीच्या लागवडीस जुंपले. एदोला जाणाऱ्या र्‍युक्यूच्या दूतमंडळांनी परदेशी पोशाखातच दिसावे असा दंडक होता. मांडलिक जितका परका दिसेल तितके स्वामीचे वैभव मोठे, हा त्यामागचा हिशेब. १८७९ मध्ये हे राज्यच खालसा झाले.

यांतले फारच थोडे मालिकेत शब्दांनी सांगितलेले आहे. तेराव्या आणि चौदाव्या भागांत मुगेनचा पूर्वेतिहास येतो. मुकुरो हा जुना साथीदार, कोझा ही तरुणी, समुद्रावरील लूट आणि विश्वासघात, असा तो गुन्हेगारी कथेच्या परिचित साच्यातला आहे. परंतु मुगेन मृत्यूच्या उंबरठ्यावर असतानाच्या दृश्यात हिपहॉप पूर्णपणे थांबते आणि इकुए आसाझाकी या आमामीच्या गायिकेचे पारंपरिक गीत सुरू होते. ती भाषा तोक्योतील प्रेक्षकालाही कळत नाही. युनेस्कोने २००९ मध्ये जपानमधील ज्या भाषा संकटग्रस्त म्हणून नोंदविल्या त्यांत आमामीचा समावेश आहे. अर्थ न कळणारे, दीर्घ स्वरांचे हे गाणे दृश्य संपेपर्यंत कोणतेही स्पष्टीकरण न देता चालू राहते. सॅम्पलिंगच्या निकषावर मालिकेचा हा सर्वोच्च क्षण मानावा लागेल, आणि गंमत अशी की या क्षणी तिच्यात हिपहॉपचा मागमूस नाही. ‘कोझा’ हे नावही साधे नाही. ओकिनावातील अमेरिकन लष्करी तळाला लागून वाढलेल्या गावाचे ते नाव होते. डिसेंबर १९७० मध्ये तेथे अमेरिकन सैनिकांविरुद्ध मोठी दंगल उसळली होती, आणि १९७४ मध्ये ते गाव ओकिनावा शहरात विलीन झाले. एका अनाथ मुलीला हे नाव देताना सतराव्या शतकातील अंकितपण आणि विसाव्या शतकातील अंकितपण एका शब्दात एकमेकांवर ठेवले जाते. हे हेतुपुरस्सर होते की नाही याचा शोध घेण्याचे कारण नाही. नाव तेथे आहे, आणि ओकिनावाच्या श्रोत्याला ते ऐकू येते.

मुगेनच्या चित्रणात एक दोष मात्र राहतोच. तो र्‍युक्यूचा आहे याचा अर्थ कथेत बव्हंशी ‘तो रानटी आहे’ एवढाच होतो. नियमांत न बसणारी त्याची तलवार, ब्रेकडान्समधून घेतलेल्या हालचाली, निरक्षरता, भूक ही सारी लक्षणे त्याला जिनच्या शिस्तबद्ध, शुभ्र, मुख्य भूमीवरच्या प्रतिमेविरुद्ध उभी करतात. राजदरबार, कवी, संगीतकार आणि चीनमध्ये शिकलेले विद्वान असलेले शुरीचे राज्य या मुगेनमागे कोठेही दिसत नाही. ज्या वसाहतवादी दृष्टीला मालिका इतरत्र छेद देते तीच येथे नायकाच्या अंगात मुरलेली आहे. अठराव्या भागात तो अक्षरे शिकतो आणि लगेच भिंती रंगवू लागतो. हा भाग विनोदी म्हणून छान जमला आहे, पण त्यात मुगेनला मिळालेली अक्षरे जेत्यांची आहेत याची जाण नाही.

मात्सुमाएचा दरवाजा सोळाव्या व सतराव्या भागांत उघडतो. ओकुरू हा आइनू तीरंदाज डोंगरात भटकतो आहे. रोगाच्या साथीत सापडलेले त्याचे गाव जाळले गेले आहे आणि उत्तरेकडील संस्थानाचे लोक त्याच्या मागावर आहेत. देवीच्या साथींनी आइनू वस्त्यांची झालेली हानी हा इतिहासाचा भाग आहे. तसाच मात्सुमाएचा व्यापारी मक्ताही. सुकी मासळी आणि कातड्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या तांदळाच्या पोत्याचे माप मात्सुमाएने घटवीत नेले. त्यातून साचलेला असंतोष १६६९ मध्ये शाकुशाइनच्या नेतृत्वाखालील युद्धात फुटला, आणि तहाच्या मेजवानीला बोलावून शाकुशाइनची हत्या करण्यात आली. मालिकेला या व्यापाराशी कर्तव्य नाही. ओकुरू उदात्त आहे, एकाकी आहे, आणि आपले दुःख सांगून तो कथेतून निघून जातो. हा साचा अमेरिकेच्या पश्चिमपटांतील ‘शेवटच्या’ रेड इंडियनाचा आहे. तरीही एक श्रेय द्यावे लागते. जपानी संसदेने आइनूंना आदिवासी जनसमूह म्हणून मान्यता देणारा ठराव २००८ मध्ये केला आणि तसा कायदा २०१९ मध्ये आला. १८९९ चा ‘माजी आदिवासी संरक्षण कायदा’ १९९७ पर्यंत अस्तित्वात होता. या दोन टोकांच्या मधल्या पोकळीत, रात्री उशिरा लागणाऱ्या एका करमणुकीच्या मालिकेने सामुराईच्या जगात आइनू माणूस आणला आणि त्याच्या गावाची राखही दाखविली.

नागासाकीचा दरवाजा सर्वांत रुंद उघडलेला आहे, म्हणून तेथली कसोटीही कठीण. सहाव्या भागात जोजी नावाचा एक तांबड्या केसांचा परदेशी एदोत हिंडताना भेटतो. तो डच वखारीचा प्रमुख आइझॅक तित्सिंग असल्याचे उघड होते. इहारा साइकाकूच्या लेखनातून पुरुषांच्या परस्पर प्रेमाविषयी वाचून त्या मोकळ्या देशाच्या शोधात तो आलेला आहे. साइकाकूचा ‘नानशोकू ओकागामी’ १६८७ चा. ऐतिहासिक तित्सिंग १७७९ ते १७८४ या काळात देजिमाच्या वखारीवर होता, पुढे बंगालमध्ये चिन्सुऱ्याच्या डच वखारीचा प्रमुख झाला, आणि जपानविषयीचा मोठा संग्रह त्याने युरोपात नेला. शतकाचे अंतर मोडून दोघांना एकत्र आणण्यात मालिकेने एक नेमके सत्य पकडले आहे. युरोपीय पाहुण्याने जपान प्रथम पुस्तकात वाचला आणि मग देश पाहिला, ही पौर्वात्यवादाची कार्यपद्धती. जोजी हळवा आहे, प्रेमळ आहे, आणि त्याला हवा असलेला जपान अस्तित्वात नाही. त्यासोबतच मालिकेने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, की समलिंगी प्रेमाविषयीची लज्जा हा जपानचा वारसा नसून त्याची गरज युरोपातून आलेल्या माणसालाच होती. पाचव्या भागातील चित्रकार हिशिकावा मोरोनोबू (मृत्यू १६९४) आणि त्याच्या चित्रातून व्हॅन गॉगपर्यंत ओढलेला धागा या तुलनेत सवंग वाटतो. उकियो-ए चित्रांनी व्हॅन गॉग प्रभावित झाला हे खरे, पण येथे ही जोडणी निवेदनाच्या एका चतुर वाक्यापुरती उरते.

ख्रिस्ती सूत्र मालिकेच्या शेवटाला व्यापून आहे. एकोणिसाव्या भागात स्वतःला झेवियरचा वंशज म्हणविणारा एक तोतया गुप्त ख्रिस्ती लोकांकडून बंदुका घडवून घेतो. ब्रह्मचारी धर्मगुरूला वंशज असावा यातच विनोद आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला पोहोचला. त्याच्याबरोबर असलेल्या अंजिरो या जपानी माणसाचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. झेवियरचा देह आजही जुन्या गोव्यात आहे. नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या २६ जणांना क्रुसावर चढविले गेले त्यांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता, आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात त्याचे स्मरण होते. म्हणजे इकित्सुकीच्या किनाऱ्यावर संपणाऱ्या या गोष्टीचे एक टोक अरबी समुद्राच्या या बाजूला आहे, आणि मराठी वाचकाला हा दरवाजा सर्वस्वी परका नाही.

शिमाबाराचा उठाव १६३७ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि १६३८ च्या एप्रिलात हारा किल्ल्याच्या पाडावाने संपला. आमाकुसा शिरो हा किशोरवयीन मुलगा त्याचा नेता. किल्ल्यात स्त्रिया-मुलांसह सुमारे ३७ हजार माणसे होती असे परंपरेने सांगितले जाते, आणि त्यांच्याविरुद्ध शोगुनशाहीने लाखाहून अधिक सैन्य आणले. हिरादोच्या डचांनी जहाजावरून किल्ल्यावर तोफा डागल्या. हे ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांवर केलेले आक्रमण व्यापाराच्या दृष्टीने लाभदायक ठरले, कारण पोर्तुगीजांची हकालपट्टी १६३९ मध्ये झाली आणि १६४१ पासून देजिमावर डच राहिले. उठावाचे कारण धर्म की कर, हा वाद इतिहासकारांमध्ये जुना आहे. शिमाबाराच्या मात्सुकुरा घराण्याने किल्ल्याच्या बांधकामासाठी आणि आपल्या प्रतिष्ठेसाठी शेतकऱ्यांना पिळून काढले होते, याविषयी मात्र दुमत नाही. उठावानंतर खुद्द शोगुनशाहीने मात्सुकुरा कात्सुइएचा शिरच्छेद केला. सरदाराला सन्मानाने पोट चिरू न देता असा मृत्यू देणे ही विरळ घटना होती.

या पिळवणुकीचा मालिकेत पत्ता नाही. फूचा पिता, कासुमी सेइझो, हा एक थकलेला, दोषी, धर्मनिष्ठ सामुराई आहे. उठावातले हजारो शेतकरी त्याच्या पश्चात्तापाच्या पार्श्वभूमीला धूसर होऊन जातात. करांच्या वह्या, उपाशी गावे, गळ्याशी आलेला तांदळाचा तगादा यांऐवजी येथे कन्या आणि पिता यांचा भेटीचा प्रसंग आहे आणि शोगुनच्या मारेकऱ्यांशी तलवारयुद्ध आहे. मालिकेचे हे सर्वांत मोठे अपयश आहे, आणि ते कालविपर्यासातून आलेले नाही. ते आलेले आहे सामुराईपटाच्या संकेतातून. या संकेतानुसार इतिहासाचा निवाडा शेवटी दोन निष्णात हातांमध्ये होतो. बाकी सर्व संकेतांची थट्टा करणाऱ्या मालिकेने या एका संकेताला हात लावला नाही. इकित्सुकीची निवड मात्र अचूक होती. गुप्त ख्रिस्ती परंपरा ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, अगदी बंदी उठल्यावरही चर्चमध्ये न परतता आपल्या पद्धतीने जपली, त्यांत हे बेट अग्रगण्य आहे. त्या बेटावरची कुजबुजली जाणारी प्रार्थना मालिकेला हवी असती तर आमामीच्या गाण्यासारखी मिळू शकली असती.

चौथा दरवाजा त्सुशिमाचा. तो उघडतच नाही. तिघे प्रवासी पश्चिमेला, क्यूशूकडे जातात, म्हणजे कोरियाच्या दिशेनेच जातात. १५९२ ते १५९८ च्या हिदेयोशीच्या स्वाऱ्यांत पकडून आणलेल्या कोरियन कुंभारांनी ज्या प्रदेशात चिनी मातीचा उद्योग उभारला, तो हा प्रदेश. १६०७ ते १८११ या काळात कोरियाची १२ दूतमंडळे जपानला आली, त्यांतील बहुतेक याच समुद्रमार्गाने एदोकडे गेली, आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक त्यांना पाहायला जमत. डच, अमेरिकन, र्‍युक्यूवासी, आइनू, चीनमधून विद्या शिकून आलेला तलवारबाज या सर्वांना जागा देणाऱ्या कथेत कोरियनाला जागा नसावी, हे विसरणे म्हणून सोडून देता येत नाही. २००४ हे वर्ष जपानमध्ये कोरियन दूरदर्शन मालिकांच्या प्रचंड लोकप्रियतेचे वर्ष होते, त्याच वेळी वसाहतकाळाविषयीचे वाद आणि जपानमधील कोरियन वंशीयांचे प्रश्न ज्वलंत होते. ओकिनावाचे मिश्रण चविष्ट लागते, आइनूचे दुःख दूरचे असते. कोरियाचा दरवाजा उघडला असता तर कथेला वर्तमानात यावे लागले असते. मालिकेच्या धाडसाची सीमा या अनुपस्थितीने आखली जाते.

उरलेल्या भागांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मेलेल्यांनी खणलेल्या खाणीचा बाविसावा भाग आणि अमेरिकन नाविकांशी बेसबॉल खेळण्याचा तेविसावा भाग यांत विनोदाची सढळ उधळण आहे. बेसबॉल जपानमध्ये प्रत्यक्षात १८७२ मध्ये होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकामार्फत आला. पेरीची जहाजे १८५३ ची. हे दोन्ही धागे विणून ‘दरवाजा उघडण्या’चा प्रसंग चेंडूफळीवर आणणे ही सुचलेली कल्पना चांगली, पण तिचा पाठपुरावा केला गेला नाही. बाराव्या भागात तर आधीच दाखविलेली दृश्ये फूच्या रोजनिशीच्या निमित्ताने पुन्हा दाखविली जातात. सव्वीस भागांपैकी ज्यांच्यावर कीर्ती उभी राहू शकेल असे भाग आठ-नऊच आहेत. एवढ्या थोड्या भांडवलावर कीर्ती अयोग्य ठरत नाही, ती चुकीच्या खात्यावर मात्र जमा झालेली आहे. मालिकेला नावाजावे ते तिने इतिहास झुगारला म्हणून नव्हे. शांततेच्या हद्दीवरील माणसे शोधत ती दोन टोकांना गेली, हे तिचे श्रेय.

स्त्रियांच्या बाबतीत हाच भेद अधिक तीव्रपणे जाणवतो. फूचे वारंवार होणारे अपहरण हा पटकथेतील आळस आहे. नवव्या भागात तिघांकडे प्रवासाचे परवाने नसल्याने ते चौकीवर अडकतात, आणि प्रसंगाचा सारा भार मुगेनच्या धावपळीवर पडतो. वस्तुतः या चौक्यांचे धोरण ‘आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या स्त्रिया’ यांच्यावर नजर ठेवण्याचे होते. एदोत ओलीस राहणाऱ्या सरदारपत्नी निसटू नयेत म्हणून स्त्री-प्रवाशाची झडती सर्वांत कसून होई. तिघांत सर्वाधिक अडचण फूची व्हायला हवी होती, आणि ती मालिकेला दिसली नाही.

याच्या अगदी उलट अकरावा भाग. नवऱ्याच्या कर्जापायी वेश्यागृहात विकली गेलेली शिनो पावसात पुलावर जिनला भेटते. पुढे तो तिला नावेत बसवून एका मठाकडे पाठवितो, जेथे तीन वर्षे राहिलेल्या स्त्रीला घटस्फोट मिळतो. असे मठ होते. कामाकुराचे तोकेइजी हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तोकुगावा काळात घटस्फोट देण्याचा अधिकार पुरुषाचा, आणि त्याचे पत्र साडेतीन ओळींचे असे, म्हणून त्याला ‘मिकुदारिहान’, म्हणजे साडेतीन ओळी, असेच नाव पडले. पळून आलेल्या स्त्रीला त्या ओळी मिळवून देणारी संस्था बौद्ध भिक्षुणींची होती. या भागात तलवार फारशी चालत नाही, संगीतही मागे राहते, आणि जिनला शिनो मिळत नाही. तीन वर्षे ही मुदत तेवढी मध्ये उभी राहते. एदोच्या कायद्याने स्त्रीच्या सुटकेला लावलेले ते मोल आहे, आणि प्रेमकथेने ते उणे करण्याचा प्रयत्न केलेला नाही.

विसाव्या-एकविसाव्या भागांतील सारा ही अंध गायिका शामिसेन वाजवीत एकटी फिरते. ती मुलाच्या ओलिसाखाली मारेकरी बनलेली आहे. तिच्यामागे ‘झातोइची’ या अंध तलवारबाजाची सावली उघड आहे, आणि तिच्या लढाया त्याच पठडीतल्या आहेत. परंतु अंध गायिकांचे, ‘गोझे’ंचे, संघ खरोखर होते. कडक नियमांनी बांधलेल्या छोट्या टोळ्यांनी त्या गावोगाव फिरत. पुरुषाशी संबंध आलेल्या गोझेला संघाबाहेर काढले जाई आणि मग तिला ‘हानारे-गोझे’, म्हणजे विलग झालेली गोझे, म्हणून एकटीनेच हिंडावे लागे. मासाहिरो शिनोदा यांचा १९७७ चा चित्रपट याच विषयावर आहे. सारा एकटी का आहे हे मालिका सांगत नाही. तिला मूल आहे एवढेच ती सांगते, आणि ज्याला संघाचे नियम माहीत आहेत त्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. मालिकेचा शेवटचा भाग मार्च २००५ मध्ये प्रक्षेपित झाला. ‘अखेरची गोझे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हारू कोबायाशी यांचे निधन त्यानंतर महिन्याभराने, २५ एप्रिल २००५ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी झाले.